अस्त्र वापरले का ते सांगा, कोणी वापरले ते सांगू नका

२१ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे दमास्कस या सीरियाच्या राजधानीलगतच्या घौता भागात सारिन हे जीवघेणे रासायनिक विष भरलेली रॉकेटे पडली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे तपासपथक त्याच शहरात मुक्कामाला होते. आधीच्या आरोपांच्या चौकशीसाठी ते तीनच दिवसांपूर्वी आले होते. त्याला घातलेली अट मात्र विलक्षण होती. रासायनिक अस्त्र वापरले गेले की नाही एवढेच त्याने सांगायचे, ते कोणी वापरले याविषयी अवाक्षर काढायचे नाही.

पथकाने अट पाळली, पण पुरावे गोळा करण्यात कसर ठेवली नाही. हल्ला झालेल्या मोअदमिया या उपनगराकडे जाताना गाडीवर गोळीबार झाला, तरी माणसे तेथे पोहोचली, त्यांनी रुग्णांच्या रक्ताचे आणि मातीचे नमुने घेतले आणि रॉकेटे कोणत्या दिशेने आली हे मोजून अहवालाच्या परिशिष्टात नोंदवले. त्या दिशांवरून रॉकेटे कोठून सुटली हे शोधण्यासाठी नकाशावर रेघा ओढण्याचे काम इतरांनी केले, आणि त्या रेघांवरून पुढे बराच वादही झाला.

त्यानंतरची मुत्सद्देगिरी एका अर्थाने यशस्वी ठरली, हे मान्य करायलाच हवे. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री केरी आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांनी १४ सप्टेंबरला जिनिव्हात आराखडा ठरवला, सुरक्षा परिषदेने २७ सप्टेंबरला ठराव क्रमांक २११८ एकमताने संमत केला आणि सीरियाने घोषित केलेला सुमारे १,३०० टनांचा साठा जून २०१४ पर्यंत देशाबाहेर गेला. मात्र पाणी शुद्ध करायला लागणारा क्लोरिन असा घोषित करावा लागत नाही. त्याच वर्षी हेलिकॉप्टरमधून क्लोरिनची पिंपे टाकल्याचे आरोप सुरू झाले.

तेव्हा कुठे, २०१५ मध्ये, दोषीचे नाव घेण्याचा अधिकार असलेली, संयुक्त राष्ट्रे आणि रासायनिक अस्त्रबंदी संघटना यांची संयुक्त यंत्रणा स्थापन झाली. तिने सीरियाच्या सैन्याचे नाव घेतले, तसेच मस्टर्ड वायूबद्दल इस्लामिक स्टेटचेही घेतले. खान शेखून या सीरियातील गावावर एप्रिल २०१७ मध्ये झालेल्या सारिन हल्ल्यासाठी तिने सीरियाच्या सरकारला जबाबदार धरले, त्याच सुमारास रशियाने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून तिची मुदतवाढ रोखली. माझ्या मते हा सर्वांत मोठा धडा आहे: साठा काढून घेण्यावर महासत्तांचे एकमत होऊ शकते, दोषीचे नाव घेण्यावर होत नाही.

म्हणूनच जून २०१८ मध्ये हा प्रश्न हेगच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेकडे नेण्यात आला, जेथे नकाराधिकार नाही. ८२ विरुद्ध २४ मतांनी तिला दोषी ठरवण्याचा अधिकार मिळाला. त्या २४ मध्ये भारत होता. स्वतःचा घोषित साठा २००९ मध्येच पूर्ण नष्ट करणाऱ्या देशाचे हे मत मला आजही पटत नाही. दमास्कसजवळच्या डूमा शहरावरील एप्रिल २०१८ च्या हल्ल्याबद्दल संघटनेने सीरियाच्या हवाई दलाचे नाव घेतले ते जानेवारी २०२३ मध्ये.