दोघींची एक

रात्रीचा दीड. उद्या डोळे चुरचुरणार.

'द ट्यूडर्स' ही इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजावरची मालिका पुन्हा बघायला घेतलीय. इतिहासाच्या नावानं तिथे आनंदीआनंदच आहे. खऱ्या आठव्या हेन्रीच्या १५४० सालच्या चिलखताचा कमरेचा घेर पन्नास इंचांच्या वर, आणि हा राजा शेवटपर्यंत सडसडीत. मला चालतं. मखमल, मोती, मेणबत्त्यांचा उजेड… खोटं तर खोटं, पण डोळ्यांचं पारणं फिटतं.

अडलं ते हेन्रीच्या बहिणींपाशी. थोरली मार्गारेट, स्कॉटलंडच्या राजाला दिलेली. धाकटी मेरी. तिला १८व्या वर्षी फ्रान्सच्या ५२ वर्षांच्या लुईशी लावून दिलं. तीन महिन्यांच्या आत तो गेला, आणि तिनं १५१५ मध्ये भावाला न विचारता त्याच्याच मित्राशी, चार्ल्स ब्रँडनशी, गुपचूप लग्न केलं. मालिकेत बहीण एकच. फ्रान्सचं पोर्तुगाल झालं, म्हाताऱ्याला तर तिनं उशीनं गुदमरवलंच. गोष्ट धाकटीची, नाव मात्र मार्गारेट. राजाच्या मुलीचंही नाव मेरी, तेव्हा घोळ नको म्हणून केलं असेल. सोयीसाठी.

परवा आईनंही तेच केलं. सगळ्यांसमोर. "ताई होती म्हणून निभावलं." त्या खुर्चीत रात्र रात्र कोण… जाऊ दे. आईला तेव्हा शुद्ध तरी कुठे होती. कुणी मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. भांडी घासताना तेच, आंघोळीला गेले तरी तेच. ताई होती म्हणून. ताई होती म्हणून. आणि ताईही तेव्हा काही बोलली नाही, हे वेगळंच.

संध्याकाळी तिला फोन केला. मालिकेबद्दल. परवाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे नाव ठेवलं आणि मला पुरती कापलीच की गं!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मार्गारेटचं स्कॉटलंड गेलं, लढाईत मेलेला नवरा गेला. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला तो तिचाच पणतू. त्याची पणजीच गायब. धाकटीला निदान ब्रँडन तरी मिळाला.

मला हसू आलं. मग ती म्हणाली, "परवा आई जे…" मी म्हटलं, "तू पहिला भाग तर बघ."

आत्ता तिचा मेसेज आलाय. चौथ्या भागावर पोचली. ब्रँडन फार आवडलाय म्हणे.

तोही खरा माझाच होता.