चारशे बारा खोकी

जूनचा पहिला आठवडा. सोलापूरचे एक टॉवेल निर्यातदार काका मुंबईत फोर्टातल्या आमच्या वकिली ऑफिसात फाइल घेऊन आले. सप्टेंबरात त्यांचा कंटेनर जर्मनीत उघडला तेव्हा माल ओला निघाला होता, बुरशी धरलेला. ४० लाखांचा फटका.

"मॅडम, दाव्याला वर्षाची मुदत असते ना? अजून तीन महिने आहेत."

नुसत्या समुद्री वाहतुकीत वर्ष असतं, म्हणून सगळे तेच धरून चालतात. पण यांचा माल ट्रकने न्हावा-शेवा, जहाजाने हॅम्बुर्ग, पुढे रेल्वेने गोदामात, आणि सगळ्या प्रवासाला वाहतुकीचा कागद एकच. म्हणजे १९९३चा बहुविध माल वाहतूक कायदा. त्यात मुदत डिलिव्हरीपासून नऊ महिने. मी बोटांवर मोजलं. उरले होते नऊ दिवस.

नुकसान बाहेरून दिसत नसेल तर सहा दिवसांत लेखी कळवावं लागतं. ग्राहकाने चौथ्या दिवशी मेल टाकला होता. हुश्श!

मग पाणी शिरलं कुठे? काकांच्या मोबाइलमध्ये सर्व्हेअरचा, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याचा, व्हिडिओ होता. ओल्या पुठ्ठ्यावर तो सिल्व्हर नायट्रेट टाकतो. खारं पाणी असेल तर थेंब दुधासारखा होतो. तीन खोकी तपासली, थेंब नितळच. म्हणजे समुद्राचं नाही. यार्डातला जुलैचा पाऊस, की तिकडचा? कोण सांगणार?

नुकसान कुठल्या टप्प्यात झालं ते कळलं नाही म्हणून वाहतूकदार सुटत नाही, फक्त भरपाईला मर्यादा येते: किलोमागे २ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) किंवा नगामागे ६६६.६७, जे जास्त असेल ते. वाहतूकदाराचं पत्र म्हणत होतं, कंटेनर हाच एक नग. आठ टन माल, १६,००० एसडीआर, तेव्हाच्या भावाने १८ लाखांच्या आसपास. विषय संपला.

पण कागदावर जेवढे नग लिहिलेत तेवढे धरायचे, असं कायदाच म्हणतो. मी कागद उलटला. '४१२ खोकी.' प्रत्येक खोक्याची किंमत दहा हजारांच्या आत, मर्यादा त्याच्या कितीतरी वर. म्हणजे पूर्ण ४० लाख मागता येणार होते.

"आकडा कोणी लिहायला लावला?"

"आमचा डिस्पॅचवाला. माल पाठवून देणाऱ्या फॉरवर्डरशी भांडला त्यापायी. मीच ओरडलो होतो, कशाला घोळ घालतोस म्हणून."

वाद लवादाकडे न्यायचा होता. मुदतीसाठी लवादाची नोटीस समोरच्याच्या हाती पडते तो दिवस धरतात, पाठवल्याचा नाही. सातव्या दिवशी ज्युनिअरला पाठवून हातोहात पोच घेतली. पण त्या दुपारी काकांनी माझ्यासमोरच डिस्पॅचवाल्याला फोन लावला. तेलुगूत बराच वेळ बोलले. मला त्यातलं फक्त 'चारशे बारा' कळलं, ते मराठीत होतं.