कोर्सची फी भरायच्या आधी

सांगलीत विश्रामबागला राहणारा माझा मावसभाऊ, बीकॉम झालाय आणि हळदीच्या पेढीवर हिशोब बघतो, त्याने मागच्या आठवड्यात फोन केला की दादा डेटा अ‍ॅनालिटिक्सचा ऑनलाइन कोर्स करतोय, म्हणजे आकडेवारीतून निष्कर्ष काढायला शिकायचं, पन्नास हजार फी, आज भरली तर निम्मी सूट. मी म्हटलं थांब जरा, आज भरू नको. मी स्वतः असाच पोळलोय, हप्त्यावर फी म्हणून सह्या केल्या आणि नंतर कळलं की ते माझ्या नावावर कर्ज होतं, कोर्स सोडला तरी हप्ता चालूच. त्या कागदावर फायनान्स कंपनीचं नाव होतं, मी वाचलंच नव्हतं.

त्याला म्हटलं आधी एनपीटेलवर बघ, ते सरकारी मदतीवर चालणारं ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल आहे. आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात, शिकायला पैसे नाहीत, फी फक्त परीक्षेची. आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, १०० पैकी ७५ मार्क तिचे, २५ दर आठवड्याच्या असाइनमेंटचे, म्हणून त्या सर्टिफिकेटला वजन आहे. नुसते व्हिडिओ संपवले की मिळणारं सर्टिफिकेट मला तरी पटत नाही.

अजून एक, सिलॅबस घेऊन नोकरीच्या चार जाहिराती शेजारी ठेव. एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख करायचं सॉफ्टवेअर) मागतायत ना, मग ते किती तास शिकवणार, प्रोजेक्ट कोण तपासणार, हे लेखी माग. "१००% प्लेसमेंट" म्हणणाऱ्याला जुन्या मुलांचे नंबर माग आणि स्वतः बोल त्यांच्याशी.

काल त्याने कोर्सवाल्यांना हे सगळं विचारलं, तर तिकडून उत्तरच आलं नाही. एनपीटेलला नाव घातलंय आता.