डिक्कीतला कम्प्युटर: इंजिनाच्या शिट्टीचा माग

गाडीत कम्प्युटर बसवतोय, त्याची जोडणी आता अशी आहे: डिक्कीत 12 व्होल्टवर चालणारा मिनी पीसी, डॅशबोर्डवर 7 इंची टचस्क्रीन आणि यूएसबी साउंडकार्डातून कारटेपच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटला) गेलेली केबल. इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ. चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी, आणि रेस दिली की तिचा सूर वर चढायचा. हा टप्पा पूर्ण तिच्यावरच गेला.

सूर रेसबरोबर चढतो म्हणजे उगम अल्टरनेटरमध्ये, इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रात. आत तीन फेजची एसी तयार होते, सहा डायोड तिची डीसी करतात आणि प्रत्येक आवर्तनामागे सहा लहरी शिल्लक राहतात. 12 पोलचा, म्हणजे पोलच्या 6 जोड्यांचा अल्टरनेटर आणि पुलीचं प्रमाण अडीच पट धरलं, तर इंजिनाच्या 800 आरपीएमला तो 2000 ने फिरतो आणि लहर पडते 1200 हर्ट्‌झची. मोबाइलमधल्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये आयडलला रेघ याच्याच आसपास दिसली.

पण ही लहर प्रत्येक गाडीत असते आणि कंपनीचा टेप तरी शांत वाजतो. म्हणून फिल्टर आणण्याआधी ती आत कुठून शिरते ते शोधायचं ठरवलं. ऑक्सची केबल काढली, शिट्टी गेली. केबल लावून पीसीला रबरावर ठेवलेली सुटी बॅटरी दिली, तरी शांत. म्हणजे पीसीची निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला टेकली की मगच रोग सुरू होतो.

मग ऑक्स आणि एचडीएमआय दोन्ही केबल काढल्या (एचडीएमआयचं शिल्ड, म्हणजे केबलवरचं धातूचं वेष्टन, तेही अर्थ म्हणजे निगेटिव्हची जोडणी वाहून नेतं, हे बरेच जण विसरतात) आणि मल्टिमीटर डीसीच्या 200 मिलिव्होल्टवर ठेवला. एक टोक टेपच्या अर्थला, दुसरं लांब वायरने पीसीच्या निगेटिव्हला. आकडा 90 च्या आसपास, ब्लोअर आणि हेडलाइट लावले की आणखी वर. लाइनचा सिग्नलच मुळात काहीशे मिलिव्होल्टचा. दोन अर्थांमध्ये एवढा फरक असताना ऑक्स जोडली, की गाडीचा परतीचा करंट तिच्या शिल्डमधूनही वाट काढतो आणि त्याची लहर थेट गाण्यात मिसळते.

पीसीचा अर्थ डिक्कीतल्या एका जुन्या बोल्टवर होता. आधीच्या मालकाच्या ॲम्प्लिफायरसाठी कुणीतरी तो मारून ठेवला होता. चाळीसगावातले आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन काका आले, मॅट उचलून पाहिलं आणि म्हणाले, "अर्थ कच्चा शे, भाऊ." थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) बॉडीचा रंग जसाच्या तसा, त्यावर काळ्या मातीची धूळ बसलेली, आणि उघडं लोखंड फक्त कडेला, नखाएवढं. काकांनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, स्टार वॉशर घातला, वरून ग्रीस लावलं. आकडा 25 वर आला, शिट्टी बरीच बसली. तरी ब्लोअर लावला की आकडा वर सरकायचा आणि शिट्टी परत ऐकू यायची.

शेवटी 6 स्क्वेअर एमएमची काळी वायर डिक्कीपासून डॅशबोर्डमागे, टेपचा अर्थ जिथे आहे त्याच बोल्टला नेली. लांबी साधारण 4 मीटर. पीसीची बॉडी रबराच्या पॅडवर बसवली, म्हणजे पत्र्याला कुठेही धातू लागत नाही. आता आकडा आला 35, म्हणजे आधीच्या 25 पेक्षा जास्त, आणि शिट्टी पूर्ण बंद! हिशोब बरोबर जुळतो: वायरचा रोध सुमारे 0.0115 ओहम, पीसी आणि स्क्रीन मिळून करंट 3 अँपिअर. वायरमधला हा व्होल्टेजचा ड्रॉप पीसीच्याच करंटचा आहे. ब्लोअर लावा, हेडलाइट लावा, रेस द्या, तो जागचा हलत नाही, आणि स्थिर डीसी स्पीकरमध्ये ऐकू येत नाही. तेव्हा मीटर लावाल तेव्हा आकडा किती यापेक्षा तो गाडीच्या लोडबरोबर हलतो का, ते आधी बघा.

दोन गोष्टी जपा. अर्थसाठी सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. आणि नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असतो, तिथे वायर थेट टर्मिनलवर न घेता बॉडीच्या बाजूला घ्यायची.

माउस हलवला की बारीक खरखर यायची, ती गाडीची नव्हती, यूएसबीकडून येत होती. ऑक्समध्ये 1:1 चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर (दोन बाजू तारेने न जोडता सिग्नल पुढे देणारा) घातल्यावर गेली. छोट्या कोअरचा घेऊ नका, ढोलकीचा घुमारा खातो. एफएमवरची सरसर पीसीला वीज देणाऱ्या कन्व्हर्टरची होती. त्याला पत्र्याची डबी आणि दोन्ही बाजूंच्या वायरींना फेराइट (सरसर अडवणारी कडी) लावल्यावर बरीच कमी झाली. कन्व्हर्टरमधले कपॅसिटर 105 अंश सोसणारेच घेतले आहेत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा 45 च्या आसपास जातो, बंद डिक्कीचं तर विचारूच नका, आणि कपॅसिटर सुकले की रिपल, म्हणजे डीसीवरची लहर, वाढतो.

चाचणी चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात घेतली. दुसऱ्या गिअरमध्ये चढण, एसी चालू, गाण्याच्या दोन ओळींमधल्या जागेत कान लावून बसलो. काहीही नाही. फार समाधान वाटलं.

आता राहिलंय स्टार्टरचं. सेल्फ मारताना व्होल्टेज 9 पर्यंत खाली येतं आणि पीसी रीस्टार्ट होतो. 6 ते 30 व्होल्ट इनपुट घेणारा बक-बूस्ट (इनपुट कमी-जास्त झालं तरी एकसारखं व्होल्टेज देणारा कन्व्हर्टर) मागवला आहे. तो बसला की एफएमची सरसर पुन्हा तपासावी लागेल.