'सुचवलेला बदल'

छोट्या देशांतल्या कारखानदार संघटनांना आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकांच्या कामात मदत करणं, हा माझा व्यवसाय. त्या दिवशी समितीपुढे प्लॅस्टिकच्या एका चाचणीपद्धतीचा मसुदा होता. नमुने 23 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेत तपासायचे, एवढंच त्यात होतं. आमची संघटना उष्ण कटिबंधातल्या चिमुकल्या देशातली. तिथल्या प्रयोगशाळा 27 अंश आणि 65 टक्क्यांवर चालतात. प्लॅस्टिकच्या चाचणीसाठी हवामान ठरवून देणाऱ्या आयएसओ 291 या मानकात उष्ण प्रदेशांसाठी ही सोय आहेच, पण मसुदा लिहिणाऱ्यांना तिची कधी गरजच पडली नव्हती. तो तसाच मंजूर झाला असता, तर नमुने तपासायला परदेशी धाडावे लागले असते. खरेदीदार करारात मानकाचा क्रमांक टाकून मोकळे होतात. शिवाय जागतिक व्यापार संघटनेच्या टीबीटी (व्यापारातले तांत्रिक अडथळे) करारानुसार सरकारांनीही तांत्रिक नियम आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतायचे असतात.

आयएसओत देश केवढाही असो, मत एकच. पण माझ्या मते खरा जोर लावायचा तो मसुद्यावर देश ज्यात आपलं म्हणणं कळवतात त्या टिप्पण्यांच्या तक्त्यात. कलम, हरकत आणि शेजारी 'सुचवलेला बदल' हा रकाना. अनेकजण हरकत तावातावाने लिहितात आणि हा रकाना मोघम भरतात; मग 'नोंद घेतली' एवढ्यावर बोळवण होते. आम्ही तिथे मसुद्यात जशीच्या तशी बसतील अशी दोन वाक्यं दिली. शेजारच्या दोन देशांनीही तीच सूचना आपापल्या नावाने पाठवली.

एका बड्या देशाच्या तज्ज्ञाने विचारलं, दोन हवामानांतले निकाल जुळायचे कसे? प्रश्न रास्त होता. नायलॉन ओलावा शोषून मऊ पडतं. आम्ही मंत्रालयातला अधिकारी न नेता कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मॅडमना नेलं होतं. भाषण वगैरे काही नाही. त्यांनी एकाच बॅचचे दोन्हीकडचे आकडे पडद्यावर लावले. तिथून पुढे चर्चा फक्त शब्दरचनेवर झाली. ठरलं असं: दोन्ही पक्ष राजी असतील तर 27/65 चालेल, मात्र चाचणी अहवालात तसं नमूद करायचं. मधल्या सुट्टीत तोच तज्ज्ञ मॅडमकडे आकडे मागायला आला.

आता संघटनेला पुनर्वापराच्या प्लॅस्टिकवर स्वतःचा प्रस्ताव मांडायचा आहे. त्याला समितीत मत देणाऱ्या सक्रिय सदस्यांपैकी दोन तृतीयांशांचा होकार लागतो, आणि समितीच्या आकारानुसार किमान 4 किंवा 5 देशांनी तज्ज्ञ द्यावे लागतात. शेजारचे दोघे तयार आहेत. उरलेल्यांसाठी पहिला फोन मॅडमनी त्या तज्ज्ञालाच लावला.