कातोरी, काशिमा आणि मेइजी जिंगू : जपानी तलवारविद्येची जुनी घराणी पाहायला जाणाऱ्यांसाठी

जपानमधील तलवारविद्येची जुनी घराणी प्रत्यक्ष पाहायची असतील, तर प्रवासाची आखणी ३ नोव्हेंबर या तारखेभोवती करावी. हा सम्राट मेइजी यांचा जन्मदिवस असून आज तो ‘संस्कृती दिन’ म्हणून सार्वजनिक सुट्टीचा असतो. त्या दिवशी टोकियोतील मेइजी जिंगू या देवस्थानाच्या शरद-उत्सवात देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली घराणी आपापली विद्या देवतेपुढे सेवा म्हणून सादर करतात. प्रवेशाला शुल्क नाही. एकाच दिवसात इतकी वेगवेगळी घराणी पाहण्याची संधी एरवी सहजासहजी मिळत नाही. फेब्रुवारीत टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये होणारा जुन्या युद्धकलांचा मेळावा तेवढा त्या तोडीचा आहे आणि तो छताखाली, खुर्चीवर बसून पाहता येतो. आम्ही नोव्हेंबर निवडला, कारण त्याला जोडून चिबा आणि इबाराकी या प्रांतांतील कातोरी आणि काशिमा ही दोन देवस्थाने पाहायची होती, ज्यांच्या परिसरातून जपानी तलवारविद्येच्या सर्वांत जुन्या परंपरा निघाल्या असे मानले जाते.

मेइजी जिंगूला जाणारे बहुतेक लोक हाराजुकु स्थानकावर उतरतात आणि सुट्टीच्या गर्दीत अडकतात. प्रात्यक्षिके देवस्थानाच्या उत्तरेकडील मोकळ्या हिरवळीच्या बाजूला होत असल्यामुळे ओदाक्यू मार्गावरील सांगुबाशी स्थानकावरून पश्चिम दरवाजाने आत गेलेले बरे. एकाच वेळी एकाहून अधिक जागी सादरीकरण चालू असते आणि प्रत्येक घराण्याच्या वाट्याला मोजकीच मिनिटे येतात. कार्यक्रमपत्रिका जपानी भाषेत असते, तेव्हा ज्या घराण्यांना चुकवायचे नाही त्यांची नावे जपानी लिपीत आधीच कागदावर उतरवून न्यावीत. गवतावर बसावे लागते, म्हणून पातळ चटई सोबत असावी. त्याच दिवशी धावत्या घोड्यावरून बाण मारण्याचे प्रात्यक्षिकही असते आणि तिकडे लोटणारी गर्दी आपल्या पथ्यावर पडते. शेवटी तोड्याच्या बंदुकांचे बार निघतात. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना आधी सांगून ठेवावे.

आता काय पाहायचे याविषयी, कारण पूर्वतयारीशिवाय गेलेल्या प्रेक्षकाची इथे निराशा होते. समोर दोन माणसे लाकडी तलवारी घेऊन उभी राहतात, ठरलेल्या क्रमाने चार-सहा हालचाली करतात, एकाची तलवार दुसऱ्याच्या मनगटाशी किंवा गळ्याशी थांबते, दोघे मागे सरतात आणि नमस्कार करून निघून जातात. कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. अशा ठरावीक क्रमाला काता म्हणतात, आणि जुन्या घराण्यांचे शिक्षण जवळजवळ संपूर्णपणे कातांमधून चालते. हे पाहून, ‘ही तर नाटकातली लढाई, यातून लढायला कोण शिकेल?’ असा प्रश्न माझ्या शेजारी बसलेल्या एका युरोपीय पर्यटकाने मोठ्याने विचारला. प्रश्न अगदी रास्त आहे आणि खुद्द जपानमध्ये तो अठराव्या शतकापासून विचारला जात आला आहे.

त्याचे उत्तर दोघांपैकी हरणाऱ्याकडे पाहिले की हळूहळू उलगडू लागते. बहुतेक घराण्यांत कातामध्ये आधी वार करणारी आणि शेवटी वार खाणारी भूमिका वरिष्ठाची असते. तिला सामान्यतः उचिदाची म्हणतात. जिंकणारी भूमिका शिकणाऱ्याची असते आणि तिला शिदाची म्हणतात. नावे घराण्यागणिक बदलतात, पण ही वाटणी बहुतेक ठिकाणी तशीच राहते. अंतर किती ठेवायचे, वार केव्हा सोडायचा, दबाव किती वाढवायचा हे सारे वरिष्ठाच्या हाती असते. हालचाल ठरलेली असली तरी तिचा क्षण ठरलेला नसतो. शिष्य घाईने आधीच हलला, तर वरिष्ठ वार रोखून धरतो आणि शिष्य उघडा पडतो. शिष्य बेसावध राहिला, तर वार त्याच्या कपाळापर्यंत येऊन थांबतो. आपल्याकडे तालमीत वरचा पैलवान लहान पोराशी जोर करताना त्याला डाव लागू देतो, पण फुकट लागू देत नाही. उचिदाचीचे काम काहीसे तसेच आहे. म्हणूनच मुरलेल्या जोडीत वयस्कर गुरू हरत असूनही सबंध मैदान त्याच्याच ताब्यात असल्यासारखे वाटते. जिथे दोघेही एकमेकांची वाट पाहत, तालावर पावले टाकताना दिसतात, तिथे कात्याचा सांगाडाच तेवढा उरला आहे असे खुशाल समजावे. मेइजी जिंगूच्या हिरवळीवर दोन्ही प्रकार पाहायला मिळतात आणि त्यांतला फरक ओळखण्यासाठी तलवार कधी हातात धरलेली असावी लागत नाही.

ओनो-हा इत्तो-र्यू या घराण्यात (‘र्यू’ म्हणजे घराणे) ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. तिथे वरिष्ठाच्या हातात कोपरापर्यंत येणारे, भरपूर भरण घातलेले अवजड हातमोजे असतात, कारण शिष्याचा वार तिथे खरोखर बसतो. समोरून येणाऱ्या तलवारीला आधी अडवून मग उलट वार करण्याऐवजी आपलाच सरळ वार असा उतरवायचा, की त्याच झटक्यात समोरची तलवार रेषेबाहेर फेकली जाईल, ही या घराण्याची मूळ चाल, किरिओतोशी. ती जमण्यासाठी येणाऱ्या तलवारीखाली मनाने न डगमगता उभे राहावे लागते, आणि ते तोंडी शिकवता येण्यासारखे नाही. कात्याचा उद्देश मला इथे सर्वांत नीट कळला. क्रम आधी ठरलेला असल्यामुळेच दोघांना पूर्ण जोराने आणि पूर्ण इराद्याने वार करता येतो. मोकळ्या झुंजीत तेवढ्याच इराद्याने लाकडी तलवार चालवली, तर दोघांपैकी एक जण जायबंदी होईल.

यावर दुसरा उपाय निघाला तो बांबूच्या तलवारीचा आणि चिलखती पेहरावाचा. सोळाव्या शतकात शिंकागे-र्यूचे संस्थापक कामीइझुमी नोबुत्सुना यांनी चिरलेल्या बांबूवर चामड्याची खोळ चढवलेली सरावाची तलवार वापरात आणली असे मानतात, आणि याग्यू घराण्याच्या परंपरेत ती आजही कातांमध्ये वापरली जाते. अठराव्या शतकात मुखवटा, छातीकवच आणि हातमोजे आले. इत्तो-र्यूच्या नाकानिशी शाखेने १७५०च्या दशकानंतर त्यांचा मोठा पुरस्कार केला आणि मोकळ्या झुंजी लोकप्रिय झाल्या. आजच्या केंदोचा, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळल्या जाणाऱ्या तलवारबाजीचा, उगम तोच. निव्वळ कातांवर भर देणाऱ्यांची विद्या शोभेची झाली आहे, अशी टीका त्या काळी होत होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. उलट बाजूने, जिथे नेम धरण्याची अंगे मोजकीच आणि हत्यार हलके, तिथे तलवारीची धार, वजन आणि मृत्यूची शक्यता विसरली जाते, असे कातावाल्यांचे म्हणणे होते. केंदोनेही अखेर १९१२ मध्ये दहा कातांचा एक संच स्वीकारला, सात लांब तलवारीचे आणि तीन आखूड तलवारीचे. माझा कल कोणीकडे आहे हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

टोकियोनंतर आम्ही कातोरीला गेलो. तेनशिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू या घराण्याचे संस्थापक ईझासा चोइसाई इएनाओ यांचा काळ परंपरेने १३८७ ते १४८८ असा दिला जातो. त्यांनी कातोरी देवस्थानात एक हजार दिवस अनुष्ठान केले आणि फुत्सुनुशी या देवतेने त्यांना विद्येचा ग्रंथ दिला, अशी कथा सांगतात. चिबा प्रांताने १९६० मध्ये या घराण्याला अमूर्त सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. एकट्या तलवारीपुरते हे घराणे मर्यादित नाही. काठी, भाला, नागिनाता (लांब दांड्याला बसवलेले वक्र पाते) आणि म्यानातून तलवार उपसण्याची विद्याही त्यात येते. इथले काते इतर घराण्यांच्या मानाने फार लांब आणि वेगवान असतात. तलवारीवर तलवार आपटण्याचा आवाज सतत येत राहतो, त्यामुळे नवख्याला वाटते की दोघे एकमेकांच्या शस्त्रावरच वार करीत आहेत. वास्तविक त्यांतले अनेक वार चिलखताच्या फटींवर, म्हणजे मनगटाची आतली बाजू, मान, काख आणि मांडीची आतली बाजू यांवर असतात. जोडीदार तिथे तलवार आणून तो झेलतो, आणि त्यामुळे बाहेरच्या माणसाला खरा नेम कळत नाही. गुपित राखणे आणि दमसास वाढवणे, ही दोन्ही कामे एकाच रचनेने साधली आहेत. हे एकदा ठाऊक झाले की तोच काता दुसऱ्यांदा पाहताना वेगळाच दिसतो.

जाण्याचा मार्ग असा : टोकियोहून नारिता आणि तिथून जेआरच्या नारिता मार्गाने सावारा किंवा कातोरी स्थानक, एकूण सुमारे दोन तास धरावेत. नारिता विमानतळ याच बाजूला असल्यामुळे, परतीच्या विमानाआधीचा दिवस इथे घालवणे सोयीचे पडते. कातोरी स्थानकावरून देवस्थान चालत अर्ध्या तासावर आहे, पण स्थानकात विशेष सोयी नाहीत. सामान असेल किंवा वडीलधारी मंडळी सोबत असतील, तर सावाराला उतरून टॅक्सी करावी. गाड्या तासाला साधारण एकच असल्याने परतीची वेळ उतरल्याबरोबर टिपून घ्यावी. नोव्हेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि देवस्थानाभोवतीच्या दाट झाडीत त्याआधीच अंधारते, म्हणून सकाळीच पोहोचावे. सध्याचे मुख्य मंदिर १७०० साली शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा त्सुनायोशी यांच्या काळात बांधले गेले. बहुतेक यात्रेकरू तेवढे पाहून परततात. ईझासा चोइसाई यांची समाधी मात्र जुन्या वाटेने, ओकुनोमिया या लहान देवळाच्या बाजूला आहे आणि पाटीकडे लक्ष नसेल तर सहज निसटते. सावारातील कालव्याकाठची जुनी व्यापारी घरे आणि नकाशाकार इनो तादाताका यांचे घर पाहायला एक दुपार पुरते.

काशिमा जिंगू सावाराहून रेल्वेने जवळच आहे, आणि टोकियो स्थानकावरून थेट बसही सुटते. तीही साधारण दोन तास घेते. काशिमा हे नामांकित तलवारबाज त्सुकाहारा बोकुदेन (१४८९–१५७१) यांचे गाव, आणि स्थानकाजवळ त्यांचा पुतळा आहे. मुख्य मंदिर १६१९ सालचे. प्रवेशाची मोठी तोरी कमान २०११ च्या भूकंपात कोसळली. आजची कमान देवस्थानाच्याच वनातील देवदारासारख्या सुगी वृक्षांच्या खोडांतून २०१४ मध्ये उभी केलेली आहे. देवस्थानाची सुमारे पावणेतीन मीटर लांबीची प्राचीन सरळ तलवार हा राष्ट्रीय ठेवा आहे. ती त्या दिवशी दर्शनाला आहे का, याची आधी चौकशी करावी.

टोकियोच्या उपनगरातील एका सार्वजनिक क्रीडागृहात आम्हाला एका घराण्याचा नेहमीचा सराव पाहता आला. उत्सवातील प्रात्यक्षिकापेक्षा मला तो संध्याकाळचा सराव अधिक शिकवून गेला, कारण तिथे एकच काता थांबवून, उलगडून पुन्हा केला जात होता आणि गुरूंच्या सूचना बहुतेक वेळा अंतराविषयीच असत. अशी परवानगी हवी असल्यास काही आठवडे आधी, जमल्यास जपानी भाषेत, आपण कोण आणि का येऊ इच्छितो हे लिहून कळवावे. उत्तर आले नाही, तर तो नकार समजावा आणि दारात जाऊन उभे राहू नये. वेळेच्या थोडे आधी पोहोचावे, स्वच्छ मोजे घालावेत, सराव संपेपर्यंत बसावे आणि विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. पाय दुमडून बसणे जमत नसेल, तर तसे आधी सांगितलेले चालते. भेट म्हणून खाऊ न्यायचा असेल, तर दुधाची मिठाई टाळावी. सुटी वेष्टने असलेली चिक्की टिकते आणि वाटायलाही सोपी जाते. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे की सोबा किंवा उदोन या शेवयांच्या रश्शात बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. कातोरीच्या वाटेवर मिळणारे, लाल घेवड्याचे गोड सारण लावलेले हिरवे दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) मात्र निःशंकपणे खाता येतात.

खरेदीचा मोह होतोच. सरावाची लाकडी तलवार विमानात हातातल्या सामानात चालत नाही, ती लांब पेटीत घालून सामानात सोपवावी लागते. पोलादी तलवार जपानमध्ये नोंदणीपत्राशिवाय बाळगता येत नाही आणि देशाबाहेर नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते, शिवाय आपल्याकडचे नियमही आहेत. त्यामुळे ती र्योगोकु येथील तलवार-संग्रहालयात काचेपलीकडेच पाहावी.

काहींना शिकायचेच असते. कातोरी घराण्यात प्रवेश करताना परंपरेने स्वतःच्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घ्यावी लागते, की विद्या बाहेर सांगणार नाही आणि अधिकार मिळण्याआधी दुसऱ्या घराण्याशी सामना करणार नाही. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत शिकून परतण्याजोगे तिथे काही नसते. भारतात किंवा परदेशात कोणी जुन्या जपानी घराण्याचे वर्ग घेत असेल, तर त्याला गुरू कोण, ते सध्या कुठे शिकवतात आणि शिकवण्याची परवानगी कोणी दिली, एवढे तीन प्रश्न विचारावेत. १९३५ साली स्थापन झालेली निहोन कोबुदो शिंकोकाई आणि १९७९ साली स्थापन झालेली निहोन कोबुदो क्योकाई या जुन्या युद्धकलांच्या संस्थांच्या यादीशी नाव पडताळून पाहता येते, मात्र काही अस्सल घराणी या दोन्ही संस्थांच्या बाहेर आहेत. अशा वेळी जपानमधील मूळ गुरूंना पत्र पाठवून खात्री करून घ्यावी आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत शुल्क भरू नये.