हाय-प्रेशर पंप खराब होता, पण ‘गाडी ओके आहे सर’

‘गाडी ओके आहे सर’ हे वाक्य कुणी साध्या आवाजात म्हटलं तरी हल्ली माझं डोकं फिरतं.

गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी. पुण्यात चालवताना काही म्हणजे काही तक्रार नाही. पण खंबाटकीच्या चढावर ओव्हरटेक करायला पाय दाबला की ३००० आरपीएमच्या पुढे गचके, मग चेक इंजिनचा दिवा, आणि ताकद गायब. ट्रकच्या मागे रांगत वर जायचं. बंद करून परत चालू केली की ठणठणीत. शिवाय इंजिन तापलेलं असताना स्टार्टर उगाच जास्त वेळ फिरायचा.

ब्लूटूथचा साधा स्कॅनर स्टेअरिंगखालच्या पोर्टला लावला. कोड आला पी००८७, म्हणजे रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) फ्युएल प्रेशर कमी. हा कोड आला म्हणजे पंपच गेला असं नाही. टाकीतला पंप, फिल्टर, प्रेशर सेन्सर, गळका इंजेक्टर, कुणीही असू शकतं. म्हणून सरळ सर्व्हिस सेंटर गाठलं, आणि तिथेच सगळं अडकलं.

त्यांनी गाडी आत घेतली, जागेवर उभी ठेवून लॅपटॉप लावला, कोड पुसला, गाडी धुतली आणि परत दिली. ओके आहे सर. कोड पुसला म्हणजे त्यासोबत साठवलेली नोंदही गेली. बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, हे त्या फ्रीझ फ्रेममध्ये असतं. तोच तर पुरावा होता! (त्यामुळे गाडी द्यायच्या आधी स्वतःच्या मोबाइलवर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.) पुढच्या खेपेला ॲडव्हायझर म्हणाला, “ई-२० मुळे (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे) सगळ्यांनाच होतंय सर, दुसऱ्या पेट्रोल पंपावर भरून बघा.” भरलं. मग म्हणाला, “प्लग बदलून बघू.” ‘बघू’ त्याचं, पैसे माझे. लाउंजमधली ती पाणचट कॉफी पीत काचेतून बघत बसायचं; गाडीपाशी कुणी नाही, आणि विचारलं की “काम चालू आहे सर”.

मला त्यांना एवढंच पटवायचं होतं की उभ्या गाडीत हे दिसणारच नाही. टाकीतला पंप साधारण ५ बारने (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिनावरचा हाय-प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि तेच प्रेशर २०० बारपर्यंत किंवा वर नेतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असताना, माझ्या गाडीला ५० बारच पुरतात, तेवढे मरायला टेकलेला पंपही देतो. चहाच्या टपरीपर्यंत चालत जाणाऱ्या माणसाचा दमा डॉक्टरला दिसत नाही, त्याला जिनाच चढायला लावावा लागतो.

शेवटी जॉब कार्डवर मीच शब्द लिहायला लावले: ‘तिसऱ्या गियरमध्ये चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर ताकद जाते, ग्राहकासोबत रोड टेस्ट करावी.’ ‘पिकअप कमी’ असं लिहिलं तर एअर फिल्टर झटकून देतात. मग ॲडव्हायझरला बाजूला ठेवून थेट वर्कशॉपमधला जुना टेक्निशियन गाठला. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि आम्ही कात्रजचा जुना घाट पकडला. स्क्रीनवर दोन रेघा, एक इंजिनाने मागितलेल्या प्रेशरची, एक मिळालेल्या. सपाटीवर दोन्ही एकमेकींना चिकटून. चढावर पाय दाबला, मागितलेली २०० ला गेली, मिळालेली १२० पर्यंत जाऊन खाली घसरायला लागली. ९० वर गचका बसला. तो म्हणाला, “सोडा सर, बास झालं.” इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी ‘ओके’ म्हणालं नाही, याचाच आनंद झाला.

स्वस्त स्कॅनरवर बहुतेक वेळा नुसतं मिळालेलं प्रेशरच दिसतं, तेही किलोपास्कलमध्ये. शंभराने भागलं की बार.

परत आल्यावर त्याने आधी लो-प्रेशर लाइनला गेज लावला. तिथे ॲक्सिलरेटर दाबूनही ५ बार हललं नाही, म्हणजे टाकीतला पंप आणि फिल्टर निर्दोष सुटले. मग ऑइलची डिपस्टिक काढून माझ्या नाकाशी धरली: पेट्रोलचा भपका, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर. पंपाचं सील गेलं की पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. हा वास तर तुम्ही घरीच घेऊन बघू शकता. हाय-प्रेशर पाइपला मात्र घरी पाना लावू नका. इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये प्रेशर कोंडलेलं असतं. पंप काढल्यावर त्याने खालचा टॅपेट आणि कॅम, म्हणजे पंपाला ढकलणारे भागही तपासले. ते झिजले असतील तर नवा पंपही टिकत नाही. माझे सुदैवाने चांगले होते.

त्या आलेखाची प्रिंट जोडल्यावर वॉरंटीचा क्लेम मंजूर झाला. ऑइल आणि ऑइल फिल्टर मात्र बिलात लावले होते. पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं ते पंपाच्या सीलमुळेच, हे त्याच टेक्निशियनकडून जॉब कार्डवर लिहून घेतलं, तेव्हा कुठे ते पैसे ॲडव्हायझरने निमूटपणे कमी केले.